एका लांबीची नावं

जोतीराम मुळीक हा माणूस मला पहिल्या दिवशी अजिबात आवडला नाही. सांगलीत देवदत्तच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासायचे. तोंडावर सगळे मला उमाताई म्हणत, पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक आहे. हा गृहस्थ सकाळी सकाळी आला, दारातच टाचा जुळवून उभा राहिला आणि देवदत्तला म्हणाला, "साहेब, रिटायर हवालदार मुळीक. मिलिटरी, सिग्नल. गाव कुंडल. कंपूटर येतो."

"किती येतो?" देवदत्तनं विचारलं.

"जेवढा तुमच्याकडं हाय तेवढा तर येतोच."

मी टेबलावरून मान वर करून पाहिलं. कडक इस्त्रीचा शर्ट, ताठ मान, आणि चेहऱ्यावर असा भाव की छापखाना त्याचा आणि आम्ही नोकरीला आलोय. देवदत्त माणूस भिडस्त. त्यानं लगेच ठेवून घेतलं. मला वाटलं, महिन्याभरात पळेल. पळाला नाही, उलट आमच्याच उरावर बसला.

तो काळ छापखान्यांच्या पडझडीचा होता. शिशाचे खिळे भंगारात गेले होते, ते जुळवणारी माणसं घरी बसली होती आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले होते. १९९६च्या सुमाराची गोष्ट. देवदत्तचा मेव्हणा निमिष पुण्यात टाइप तयार करायचं काम करायचा. त्यानं एक नव्या तऱ्हेचा देवनागरी टाइप बनवला होता आणि वापरून पाहायला म्हणून देवदत्तकडे दिला होता. एरवी बारीक टाइप वेगळा, जाड वेगळा. हा एकच टाइप, पण दोन आकडे द्यायचे, एक जाडीचा आणि एक रुंदीचा, की अक्षर हवं तसं ताणलं जायचं किंवा आवळलं जायचं. ओढूनताणून वेडंवाकडं नव्हे, नीट, जणू कुणी त्याच मापात पहिल्यापासून काढलंय असं.

अडचण एवढीच होती की अक्षर रुंद झालं की त्याला जागा जास्त लागते, अरुंद झालं की कमी. पानं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला हे आपणहून कळत नाही. त्याला दर मापाला नवा तक्ता करून द्यावा लागतो: क ला एवढी जागा, ख ला एवढी, काना आला तर एवढी. तक्ता जुना राहिला तर शिरोरेषा मध्येच तुटते, नाहीतर अक्षरं एकमेकांवर चढतात. हे तक्ते काढायला निमिषनं एक छोटा प्रोग्रॅम दिला होता. त्यात चित्रं नाहीत, माऊस नाही. काळ्या पडद्यावर टाइपाचं नाव आणि ते दोन आकडे बिनचूक लिहायचे, एंटर मारायचा, आणि तक्ता तयार. देवदत्तला त्या काळ्या पडद्याची भीती वाटायची. जोतीरामनं नोकरीची शेवटची वर्षं तसल्याच पडद्यांसमोर काढलेली. तो खुर्ची ओढून बसला, ओळ लिहिली आणि "दाहिने सज!" असं मोठ्यानं ओरडून त्यानं एंटर मारला. माझ्या हातातला पेन खाली पडला.

पुढे रोजच ते "दाहिने सज" ऐकावं लागलं. पलटणीत रांग सरळ करायचा तो हुकूम. मी म्हटलं, "अहो, अक्षरांना ऐकू येत नाही."

"येतंय बाई. माणसास्नीच येत न्हाई."

असा माणूस. चहा उशिरा आला तर बोलणार, मी स्वल्पविराम वाढवला तर का वाढवला म्हणून विचारणार, आणि स्वतःची चूक दाखवली तर आधी ती चूकच नाही हे सिद्ध करायला बसणार. आमची रोज एकदा तरी जुंपायची. पण खोटं कशाला बोलू, काम चोख होतं. छापून आलेल्या कागदावर तो भिंग धरून शिरोरेषा बघायचा. केसाएवढी फट दिसली की नवा तक्ता. त्यानं लावलेल्या पानावर माझी लाल शाई फारशी खर्च व्हायची नाही, आणि त्यामुळेच मला त्याचा जास्त राग यायचा.

आमच्या छापखान्याचं पोट भरायचं ते लग्नपत्रिकांवर. आमच्याकडच्या पत्रिका म्हणजे काय असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. वधूवरांची नावं चार ओळींत संपतात, मग सुरू होते भावकी. निमंत्रक, व्यवस्थापक, प्रेषक, थोरले चुलते, धाकटे चुलते, आजोळ, आणि प्रत्येकाच्या नावापुढे कंसात त्याचं पद. आजी असो की माजी, पद पाहिजेच. नाव लांबलं आणि कंस खालच्या ओळीत गेला की लोक कुरकुरतात, "आमचं नाव मोडलं." या टाइपानं ती कटकट मिटली. लांब नाव थोडं आवळायचं, ओळीत बसवायचं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना जोतीराम छातीवर हात मारून सांगायचा, "नाव कितीबी लांब असू द्या. एका ओळीत न्हाई बसवलं तर मिशी उतरवीन."

एवढ्यावर तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याला ओळींची उजवी बाजू खुपायला लागली. डावीकडे सगळी नावं एका रेषेत सुरू होतात आणि उजवीकडे एक इथं संपतं, एक तिथं. ढिली रांग. एकदा त्यानं मला गंमत म्हणून एक नमुना करून दाखवला. प्रत्येक नाव बरोबर तेवढ्याच लांबीचं. छोटं नाव रुंद केलेलं, मोठं नाव आवळलेलं, आणि प्रत्येक ओळीसाठी वेगळा तक्ता काढलेला. दोन्ही बाजू सुरीनं कापल्यासारख्या सरळ.

मी म्हटलं, "हे विचित्र दिसतंय. एक माणूस सुजलेला, एक उपाशी."

"बाई, पलटणीत उंच असतो, बुटका असतो. रांग म्हंजी रांग. तिथं कोन सरपंचाचा आनि कोन गड्याचा, बघत न्हाईत."

"मग छापा की कुणाच्या तरी पत्रिकेवर."

"न्हाई," तो म्हणाला. "ही माझ्या पूजाच्या लग्नाला ठेवलीय."

पूजा त्याची एकुलती लेक. कऱ्हाडला मामाकडे राहून शिकली. सुट्टीत बापाचा डबा घेऊन छापखान्यात यायची, माझ्या शेजारी बसून मुद्रितं वाचायची. शहाणी मुलगी, बापापेक्षा कितीतरी कमी बोलणारी. कऱ्हाडातच तिची आणि जयराज यादवची ओळख झाली. तो तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात होता, नंतर लोणंदला एका कारखान्यात लागला. दोघांनी परस्पर ठरवलंय हे कळलं असतं तर दोन्ही घरांत आग लागली असती. म्हणून पूजाच्या मामानं, बाळासोनं, मध्यस्थ घातले, पत्रिका जुळवली, बघण्याचा कार्यक्रम केला, आणि सगळं ठरवून झाल्यासारखं दिसेल असं बेतानं पुढे नेलं. फार नाजूक काम होतं ते. एक धागा ओढला असता तर सगळं उसवलं असतं.

जयराजचे वडील तो लहान असतानाच गेलेले. त्याला वाढवलं चुलत्यानं, नानासो यादवांनी. लोणंदजवळच्या त्यांच्या गावात नानासोंचा शब्द चालायचा. म्हणजे आदल्या वर्षापर्यंत चालायचा. त्या वर्षी गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत नानासोंना त्यांच्याच भावकीतल्या नाथाजी यादवनं पाडलं, आणि इतकी वर्षं नावापुढे असलेलं पद माजी झालं. ही जखम ओली होती आणि ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं. जोतीरामलाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि डोक्यात शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुपारी फुटली त्या दिवशी जोतीराम सगळ्यांसमोर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "दोन्हीकडच्या पत्रिका माझ्याकडं. अशी पत्रिका सातारा-सांगलीत कुनी बघितली नसंल." नानासोंना ते आवडलं. त्यांनी भावकीची नावं क्रमानं सांगितली. पहिलं त्यांचं, मा. श्री. नानासो व्यंकटराव यादव, आणि कंसात माजी व्हाइस चेअरमन, विकास सेवा सोसायटी. अगदी शेवटी नाइलाजानं म्हणाले, "नाथाजीचंबी टाका. न्हाई टाकलं तर म्हनंल, भ्याला."

क्रम जोतीरामनं तंतोतंत पाळला. जाडी सगळ्यांना एकच दिली. फक्त रुंदी बदलली, रांग सरळ यावी म्हणून. तो किती खूश होता! दुपारचं जेवण टाकून तो तक्ते काढत बसला होता. प्रत्येक नाव मोजायचं, रुंदीचा आकडा ठरवायचा, तक्ता काढायचा, छापून भिंगाखाली धरायचं, एक कण कमीजास्त झाला की पुन्हा. मी मुद्रित वाचलं. एकही चूक नव्हती. मी पुन्हा म्हटलं की दिसायला बरं दिसत नाही, पण मी म्हणत होते ते डोळ्याला खटकतं म्हणून. नात्याला खटकेल हे मलाही सुचलं नाही. मी सांगलीच्या गावभागातली, जुन्या ब्राह्मण वस्तीतली बाई. आमच्याकडे भांडणं होतात ती वाटणीवरून आणि शुद्धलेखनावरून.

पत्रिकांचे गठ्ठे लोणंदला गेले. चार दिवस काही आवाज नाही. मग छापखान्यात बाळासोचा फोन आला, आणि पलीकडून तो इतका ओरडत होता की मला टेबलावर ऐकू येत होतं.

"दाजी, काय करून बसला तुमी हे?"

झालं होतं ते असं. सर्वांत छोटं नाव म्हणजे कुणाचं, तर श्री. नाथाजी बापू यादव. ना पद, ना कंस. नाथाजी साधेपणा मिरवणारा पुढारी, नावापुढे पद कधीच लावू देत नसे. ते नाव ओळभर पसरलं होतं. आणि सर्वांत लांब नाव नानासोंचं, कंसासकट. ते आवळून आवळून एका ओळीत बसवलं होतं. पत्रिका गावात वाटल्या गेल्या आणि पारावर कुणीतरी म्हणालं, "नाथाजी बघा कसा ऐसपैस बसलाय, आनि नानासो कडंला अंग चोरून हुबा." दुसऱ्या दिवशी पोरंसोरंसुद्धा तेच म्हणत होती.

"काय न्हाई," बाळासो फोनवर म्हणाला, "तुमी या, हात जोडा, छपाईत चूक झाली म्हना, दुसऱ्या छापून देतो म्हना. म्हातारा ऐकंल. मी बोलून ठेवलंय."

"चूक झालेलीच न्हाई तर चूक झाली कशी म्हनू?" जोतीराम म्हणाला.

"आवं दाजी, लेकीचं लगीन हाय!"

"म्हनून तर खोटं बोलायचं न्हाई. समजावून सांगतो. शानी मानसं हाईत."

आणि हा माणूस लोणंदला गेला. जाताना माझ्या टेबलावरची स्टीलची पट्टी मागून घेतली. कशाला ते त्यानं सांगितलं नाही. मी दिली.

मी तिथं नव्हते. बाळासोनं जे सांगितलं ते असं. नानासो सोप्यात बसले होते. त्यांनी पाहुण्याला पाणी दिलं, चहा दिला. राग गिळून माणूस बसला होता, फक्त दोन गोड शब्दांची वाट बघत. जोतीरामनं चहाची बशी बाजूला सारली, पत्रिका चौरंगावर पसरली आणि तिच्यावर पट्टी ठेवली.

"पाव्हणं, लोकांचं ऐकू नका. तुमी सोता मोजा. हे तुमचं नाव. हे नाथाजीचं. केसाचाबी फरक न्हाई."

नानासोंनी मोजलं नाही. त्यांनी विचारलं, "म्हंजी ही चुकून झाल्याली गोष्ट न्हाई?"

"न्हाई, न्हाई! चुकून कसं हुईल? एकेका नावाचा येगळा तक्ता काढलाय मी."

"म्हंजी ठरवून मला आनि नाथाजीला एका मापात बसवलं."

"सगळ्यास्नीच," जोतीराम अभिमानानं म्हणाला. "लहान थोर काय बी ठेवलं न्हाई."

बाळासो म्हणाला, मला त्या वेळी जमीन दुभंगावी असं वाटलं. तोवर नानासोंना राग होता तो आपलं नाव बारीक आल्याचा. यंत्राची गडबड म्हणून तो निवला असता. आता भावी व्याह्यानं त्यांच्याच सोप्यात बसून पट्टी लावून दाखवलं होतं की तुम्ही आणि तुम्हाला पाडणारा, दोघे सारखे.

नानासो ओरडले नाहीत. ओरडले असते तर बाळासोनं पाय धरून सावरलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "लगीन हुईल. पोराला शबूद दिलाय. नव्या पत्रिका निघतील. पर ज्यानं माझ्या दारात येऊन माझ्या नावाला पट्टी लावली त्याचं नाव माझ्या घरच्या पत्रिकंत यायचं न्हाई. तुमच्याकडच्या पत्रिकंतबी न्हाई. मामानं कन्यादान करायचं. त्यो गडी मांडवात दिसला तर मी नवरदेवाला घोड्यावरनं उतरवीन."

आता हे ऐकून कुणालाही वाटेल, की म्हातारा ताठ. होताच. मला आजही त्या माणसाचा राग येतो. पण जोतीरामचाही येतो. दोन हात जोडायचे होते, एक वाक्य बोलायचं होतं. रोज एंटर मारताना ओरडणाऱ्या माणसाला तेवढं जमू नये?

दोन दिवसांनी पूजा छापखान्यात आली. भर दुपार, आम्ही तिघंच होतो. जोतीराम पडद्यासमोर बसला होता, काम काही करत नव्हता. ती त्याच्या मागे उभी राहिली.

"आबा, नवी पत्रिका करायची हाय."

"मी काय चुकीचं केलं, ते सांग आधी."

"काय न्हाई. तुमचंच बरोबर हाय. पट्टी तुमच्या बाजूनं हाय." तिनं त्याच्या खुर्चीची पाठ धरली. "पर मला पट्टीसंगं संसार न्हाई करायचा."

"त्या म्हाताऱ्याला सांगून बघतो मी पुन्यांदा…"

"नका सांगू. पाया पडते तुमच्या, आता कायबी समजावून सांगू नका कुनाला."

मला राहवेना. मी म्हटलं, "पूजा, बापाचं नाव खोडून लग्न करणार आहेस तू?"

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. कॉलेजातली भाषा तिच्या तोंडी आली. "ताई, नाव काढलं तर लग्न होतंय. नाही काढलं तर दुसरा जयराज तुम्ही आणून देणार आहात का?"

मी समोरचं मुद्रित पुढे ओढलं.

जोतीरामनं की-बोर्ड पुढे ओढला. पहिल्या ओळीला जाडी दिली, रुंदी दिली, तक्ता काढला. नानासो व्यंकटराव यादव, सगळ्यांत वर, सगळ्यांत ठळक, कंस खालच्या ओळीत स्वतंत्र, ऐटीत. मग मानाप्रमाणे एकेक नाव उतरत्या मापात. नाथाजी सगळ्यात खाली, मुंगीएवढा. मग वधूकडचा मजकूर आला. 'श्री. जोतीराम कृष्णा मुळीक यांची सुकन्या' या ओळीवर तो थांबला, ती पुसली, आणि 'श्री. बाळासो हणमंत जगताप यांची भाची' असं लिहिलं. त्या दिवशी त्यानं हुकूम दिला नाही. नुसती कळ दाबली.

"बाई, मुद्रित तपासा," तो म्हणाला.

मी तपासलं. शिरोरेषा कुठेही तुटलेली नव्हती. चूक एकही नव्हती, आणि कागद फाडून टाकावा असं वाटत असताना मी खाली सही केली.

लग्न कऱ्हाडला होतं, कार्यालयात. आदल्या दिवशी जोतीराम मला म्हणाला, "तुमी जावा बाई. बनूसंगं कुनीतरी पायजे." बनुबाई त्याची बायको. मी तिला त्याआधी दोनदाच भेटले होते. साधी, कष्टाळू, नवऱ्याच्या बडबडीखाली आयुष्य गेलेली बाई. मोरपंखी लुगडं नेसून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून ती मांडवात एका कडेला बसली होती. मुलीच्या आईची लगबग तिच्यात नव्हती. कुणी हाक मारली की दचकायची.

अक्षता पडल्या. कन्यादानाला मामा-मामी बसले. जेवणाच्या पंगती उठू लागल्या आणि विहीणबाईचा मान करायची वेळ आली. वरपक्षाकडून ते काम चंद्राबाईंकडे होतं. या नानासोंच्या लांबच्या नात्यातल्या, माण तालुक्यातून आलेल्या, आतल्या गोष्टी काहीच ठाऊक नसलेल्या. त्यांच्यापर्यंत फक्त पत्रिका पोचलेली. पत्रिकेत मुलीच्या बापाचं नाव नाही, कन्यादान मामाचं, मांडवात बाप नाही. याचा अर्थ आपल्याकडे कुणीही एकच लावणार.

ताटात साडी, नारळ, खण, हळदीकुंकू घेऊन त्या बनुबाईंसमोर आल्या. मग त्यांची नजर कपाळावर गेली आणि त्या घुटमळल्या. वाईट बाई नव्हती ती. तिला खरंच कळेना.

"ईनबाई," त्या म्हणाल्या, आणि आवाज जरा मोठाच होता, "मालक न्हाईत न्हवं तुमचं? मग हे कुकू?"

भोवतालच्या बायका वळल्या. नानासो दोन खुर्च्या सोडून बसले होते. त्यांनी ऐकलं. ऐकलं हे मी शपथेवर सांगेन, कारण त्यांनी मान फिरवून मुद्दाम मांडवाच्या खांबाकडे बघायला सुरुवात केली. मी उठले. माझा तापट स्वभाव, तोंड उघडलंच होतं. बनुबाईनं माझं मनगट धरलं आणि इतकं आवळलं की मला बोलवेना.

मग तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पार भुवयांपर्यंत. कुंकू झाकलं गेलं. दोन्ही हात पुढे करून तिनं नुसती साडी घेतली. चंद्राबाईंनी सुस्कारा सोडला, नारळ आणि कुंकवाची कोयरी ताटात मागे सरकवली, आणि पुढच्या सवाष्णीकडे गेल्या.

परतताना जीप कुंडलवरून सांगलीला जाणार होती. वाटभर बनुबाईचा पदर तसाच होता. उन्हं उतरली होती तेव्हा आम्ही घरापाशी पोचलो.

जोतीराम ओट्यावर बसला होता. दाढी केलेली, नवा शर्ट, नवी पँट, पायात पॉलिश केलेले बूट. कुणीतरी निरोप धाडेल, या म्हणेल, असं दिवसभर वाटत असणार त्याला. आम्हाला बघून तो उभा राहिला.

"झालं व्यवस्थित?"

"झालं," बनुबाई म्हणाली.

"जेवनं? मानपान? ओटी भरली का तुझी?"

तिनं हातातली साडी छातीशी धरली. मग मीच सांगितलं. राग होता माझ्या पोटात, तो मी त्याच्यावर काढला, चंद्राबाईंचा शब्दन् शब्द ऐकवला. तो ऐकत उभा राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मला बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

"नानासो हुता तिथं?" त्यानं विचारलं.

"होते."

"त्यो गप बसला?"

"बसले."

पुढचा प्रश्न त्यानं विचारू नये असं मला वाटत होतं. त्यानं विचारला, माझ्याकडे न बघता, बायकोकडे बघून.

"आनि पूजा?"

"शेजारीच हुती माझ्या," बनुबाई म्हणाली. "वर बघितलं तिनं. मग खाली बघितलं."

जोतीरामनं मान हलवली. दोनतीनदा हलवली. मग म्हणाला, "बरोबर केलं तिनं. बोलली असती तर सगळं मोडलं असतं. बरोबरच केलं."

बनुबाईनं तेव्हा पदर मागे केला. कुंकू कपाळभर फिसकटलं होतं.

"आजूनबी तुमास्नी बरोबरच पायजे व्हय?" ती म्हणाली, आणि साडी त्याच्या पायाशी ओट्यावर ठेवून आत निघून गेली.